दिव्यांग अर्थसाहाय्याचा अर्ज आणि अर्ज भरण्यातील मदत : स्वरूप, पद्धती व मर्यादा

१. प्रस्तावना

कल्याणकारी राज्याचा कोणताही लाभ नागरिकापर्यंत पोहोचतो तो अर्जाच्या वाटेने. कायदा हक्क निर्माण करतो, शासननिर्णय लाभाची रक्कम ठरवितो आणि अर्थसंकल्प तिची तरतूद करतो. परंतु विहित नमुन्यातील रकाने भरून, आवश्यक दाखले जोडून, तो कागद योग्य कार्यालयात दाखल होईपर्यंत हे सर्व कागदावरच राहते. दिव्यांग व्यक्तीच्या बाबतीत या वाटेत एक विसंगती दिसून येते. ज्या अडचणीमुळे तिला साहाय्याची गरज आहे, तीच अडचण तिला साहाय्याचा अर्ज करण्यापासून रोखते. दृष्टिहीन व्यक्तीला छापील नमुना वाचता येत नाही, बहुविकलांग व्यक्तीला तालुक्याच्या ठिकाणी चार वेळा जाता येत नाही, कर्णबधिर व्यक्तीला खिडकीपलीकडून दिलेली सूचना ऐकू येत नाही आणि मनोविकाराने ग्रस्त व्यक्तीला अनेक महिने चालणारा पाठपुरावा झेपत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. देशातील दिव्यांगांपैकी सुमारे ६९ टक्के ग्रामीण भागात राहणारे होते आणि सुमारे ४५ टक्के निरक्षर होते. जवळजवळ निम्मे अर्जदार ज्या समूहात स्वतः अर्ज लिहू शकत नाहीत, त्या समूहासाठीची संपूर्ण व्यवस्था लेखी अर्जावर उभी असेल, तर अर्ज भरण्यातील मदत हा त्या व्यवस्थेचा अनिवार्य भाग ठरतो. प्रत्यक्षात मात्र ही मदत नातेवाइकांची सवड, शेजाऱ्यांची कृपा किंवा मध्यस्थांची फी यांवर अवलंबून राहिलेली आढळते.

प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या संदर्भात दिव्यांग प्रमाणपत्राचा व मासिक अर्थसाहाय्याचा अर्ज कोणत्या टप्प्यांतून जातो, तो कोठे अडतो, मदत करणाऱ्याचे नेमके काम कोणते आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, यांचे विवेचन केले आहे. परीक्षेतील लेखनिकाची भूमिका महाविद्यालयीन प्राध्यापकांना परिचित आहे. अर्जाला मदत करणाऱ्याची भूमिका तिच्याशी जवळचे नाते सांगणारी आहे, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र होय.

२. हक्काचा कायदेशीर आधार

बेकारी, वार्धक्य, आजारपण व विकलांगता या प्रसंगी नागरिकाला सार्वजनिक साहाय्य मिळावे, यासाठी राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत तरतूद करावी, असे भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये नमूद आहे. हे मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्याच्या आधारे थेट न्यायालयात दाद मागता येत नाही. या तत्त्वाला कायद्याचे रूप प्रथम १९९५ च्या अधिनियमाने दिले. त्यात सात प्रकारच्या अपंगत्वाचा समावेश होता. भारताने २००७ मध्ये दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला मान्यता दिली आणि त्या कराराशी सुसंगत असा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत होऊन १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला.

या अधिनियमाने दिव्यांगत्वाच्या प्रकारांची संख्या सातवरून एकवीसवर नेली. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, पार्किन्सनचा आजार, आम्लहल्ल्याने आलेली विकलांगता, तसेच थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल हे रक्तविकार त्यात समाविष्ट झाले. सिकलसेलचा समावेश पूर्व विदर्भ व नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल भागांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. या विकाराने ग्रस्त व्यक्तीचे दिव्यांगत्व डोळ्यांना दिसत नाही आणि आपण दिव्यांग या व्याख्येत येतो याची कल्पना अनेकदा तिलाही नसते.

कलम २४ सामाजिक सुरक्षेविषयी आहे. त्यातील एक तरतूद लक्षणीय आहे. दिव्यांगांना मिळणारे साहाय्य हे इतरांसाठीच्या तत्सम योजनेतील साहाय्यापेक्षा किमान २५ टक्के अधिक असावे, असे हे कलम सांगते. महाराष्ट्रात २०२३ पासून संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग व इतर निराधार या दोहोंना दरमहा १,५०० रुपये मिळत होते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ही रक्कम २,५०० रुपये करण्याचा निर्णय घेतला. कायद्यातील तरतूद व प्रत्यक्ष रक्कम यांतील हे अंतर भरून येण्यास आठ वर्षांहून अधिक काळ लागला, ही बाब हक्काची नोंद आणि हक्काची प्राप्ती यांतील फरक स्पष्ट करते.

३. दोन अर्ज, दोन यंत्रणा

अर्जदाराचा पहिला गोंधळ होतो तो येथे. ‘अपंगाचा पगार’ या नावाने गावोगावी ओळखला जाणारा लाभ एका अर्जाने मिळत नाही. त्यासाठी दोन स्वतंत्र यंत्रणांकडे दोन स्वतंत्र अर्ज करावे लागतात. पहिला अर्ज आरोग्य यंत्रणेकडे प्रमाणपत्रासाठी आणि दुसरा महसूल यंत्रणेकडे अर्थसाहाय्यासाठी असतो. एका कार्यालयातील कागद दुसऱ्या कार्यालयात आपोआप जात नाही.

(अ) प्रमाणपत्राचा अर्ज : १ जून २०२१ पासून दिव्यांग प्रमाणपत्रे केवळ केंद्र शासनाच्या संगणकीय प्रणालीद्वारे देणे बंधनकारक झाले. प्रमाणपत्रासोबत वैश्विक ओळखपत्र म्हणजे यूडीआयडी कार्ड मिळते. अर्जात वैयक्तिक माहिती, छायाचित्र, स्वाक्षरी किंवा अंगठ्याचा ठसा, ओळखीचा व निवासाचा पुरावा आणि दिव्यांगत्वाचा प्रकार ही माहिती भरावी लागते. त्यानंतर अर्जदारास अधिसूचित शासकीय रुग्णालयात तपासणीसाठी उपस्थित राहावे लागते. अर्जदार अल्पवयीन असल्यास किंवा बौद्धिक अक्षमतेमुळे स्वतः अर्ज करण्यास असमर्थ असल्यास पालक त्याच्या वतीने अर्ज करू शकतात. एकदा दिलेले प्रमाणपत्र देशभर ग्राह्य असते.

दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरविण्याचे निकष केंद्र शासनाने २०१८ मध्ये अधिसूचित केले आणि २०२४ मध्ये ते सुधारित केले. या टक्केवारीसंबंधी दोन गोष्टी अर्जदारास आधीच समजावून सांगणे इष्ट ठरते. पहिली गोष्ट म्हणजे एकाहून अधिक प्रकारचे दिव्यांगत्व असल्यास टक्केवारींची साधी बेरीज होत नाही. २०१८ च्या निकषांतील सूत्रानुसार ९० मधून मोठी टक्केवारी वजा करतात, आलेल्या संख्येस लहान टक्केवारीने गुणून ९० ने भागतात आणि येणारी संख्या मोठ्या टक्केवारीत मिळवितात. त्यामुळे ५० टक्के अस्थिव्यंग व ३० टक्के श्रवणदोष असलेल्या व्यक्तीचे एकत्रित दिव्यांगत्व ८० टक्के न होता सुमारे ६३ टक्के होते. आपली फसवणूक झाली अशी समजूत घेऊन परतणाऱ्या अर्जदाराला हे गणित कोणी समजावून सांगितलेले नसते.

दुसरी गोष्ट मनोविकाराच्या मूल्यमापनाविषयीची आहे. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या भारतीय मापनश्रेणीत स्वतःची निगा, परस्परसंबंध, संवाद व आकलन आणि काम या चार क्षेत्रांचा तसेच आजाराच्या कालावधीचा विचार केला जातो. म्हणजे येथे क्ष-किरण चित्रापेक्षा दैनंदिन जीवनाचे वर्णन निर्णायक असते. तपासणीच्या दिवशी अर्जदार शांत व नीटनेटका दिसला, तर त्याच्या उरलेल्या दिवसांची माहिती कोणीतरी व्यवस्थित सांगावी लागते.

(आ) अर्थसाहाय्याचा अर्ज : १९८० मध्ये सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयाशी संबंधित शाखेकडे जातो. किमान ४० टक्के दिव्यांगत्व, ६५ वर्षांखालील वय, महाराष्ट्रातील किमान १५ वर्षांचे वास्तव्य आणि विहित मर्यादेतील कौटुंबिक उत्पन्न या तिच्या प्रमुख अटी आहेत. इतर निराधारांसाठी २१,००० रुपये असलेली वार्षिक उत्पन्नाची मर्यादा दिव्यांगांसाठी ५०,००० रुपये अशी शिथिल करण्यात आली. केंद्र पुरस्कृत इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना २००९ मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी दारिद्र्यरेषेखालील कुटुंब आणि ८० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व आवश्यक असते. केंद्राचा वाटा दरमहा ३०० रुपये असून उर्वरित रक्कम राज्य योजनेतून दिली जाते. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या निराधार व्यक्तीचा विचार श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेखाली होतो.

अर्जासोबत वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र, शिधापत्रिका, आधार आणि बँक पासबुक यांच्या प्रती जोडाव्या लागतात. छाननी व चौकशीनंतर अर्ज तालुका समितीपुढे ठेवला जातो. मंजुरीनंतरही दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०२४ च्या अखेरीस ही रक्कम थेट हस्तांतरण पद्धतीने आधारशी जोडलेल्या खात्यात जमा करण्यास प्रारंभ झाला. परिणामी खाते आधारशी जोडलेले नसणे हे लाभ थांबण्याचे आणखी एक कारण ठरू लागले.

४. अर्ज कोठे अडतो

अर्ज नामंजूर होणे म्हणजे अर्जदार अपात्र असणे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः पात्र व्यक्तीचा अर्जही अनेक ठिकाणी अडू शकतो. या अडथळ्यांचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतील.

पहिला प्रकार कागदपत्रांतील विसंगतीचा. एकाच व्यक्तीचे नाव शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे आणि पासबुकावर तिसरे असते. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण प्रमाणपत्र माहेरच्या नावाने आणि शिधापत्रिका सासरच्या नावाने असते. संगणकीय प्रणालीत ‘बाई’, ‘राव’ अशा प्रत्ययातील फरकही दोन वेगळ्या व्यक्ती निर्माण करण्यास पुरेसा होतो.

दुसरा प्रकार मुदतीचा. ज्या स्थितीत सुधारणा किंवा बदल संभवतो, तिच्यासाठी तात्पुरत्या मुदतीचे प्रमाणपत्र दिले जाते. त्यावरील अंतिम दिनांकाकडे दुर्लक्ष झाल्यास अर्थसाहाय्य थांबू शकते. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत वेगळी आणि हयातीच्या दाखल्याची वेळ वेगळी असते. हे सर्व दिनांक एका ठिकाणी लिहून ठेवण्याची सवय बहुतेक कुटुंबांना नसते.

तिसरा प्रकार संगणकीय व्यवहाराचा. मोबाईलवर येणारा सांकेतिक क्रमांक, बोटांचे ठसे, बुबुळांची प्रतिमा किंवा कॅमेऱ्यासमोर पापण्यांची उघडझाप या पडताळणीच्या पद्धती सर्वांना साधतीलच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत संघ या प्रकरणात दिलेल्या निर्णयात आम्लहल्ल्यातून वाचलेल्या व दृष्टिहीन व्यक्तींच्या याच अडचणींचा विचार केला आणि संगणकीय सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काशी जोडला. मात्र न्यायालयाचा निर्णय गावातील सेवाकेंद्राच्या टेबलापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. तोपर्यंत पर्यायी पडताळणीची मागणी करणारी व्यक्ती अर्जदाराच्या सोबत असणे उपयुक्त ठरते.

चौथा प्रकार मनातला आहे. ‘आपण भीक मागत आहोत’ ही भावना, कुटुंबातील सदस्याच्या मनोविकाराची वाच्यता होण्याची भीती, मुलीच्या विवाहात अडचण येईल ही चिंता, यांमुळे अर्ज केलाच जात नाही. न केलेल्या अर्जांची नोंद कोणत्याही कार्यालयात नसते. त्यामुळे हा अडथळा सर्वांत मोठा असूनही दृष्टीआड राहतो.

५. मदतीचे स्वरूप : लेखनिकाची भूमिका

दिव्यांग विद्यार्थ्यासाठी परीक्षेत लेखनिक देण्याची पद्धत महाविद्यालयांत रुळलेली आहे. केंद्र शासनाने २०१८ मध्ये त्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात लेखनिकाची सोय ४० टक्क्यांच्या अटीपुरती मर्यादित ठेवता येणार नाही, असे स्पष्ट केले. लेखनिकाचा दंडक सर्वश्रुत आहे. परीक्षार्थी जे सांगेल ते आणि तेवढेच लिहावयाचे, स्वतःची भर घालावयाची नाही आणि सांगितलेले गाळावयाचे नाही. उत्तरपत्रिका परीक्षार्थीचीच राहते.

अर्ज भरणाऱ्याची भूमिका मूलतः हीच आहे. २०१६ च्या अधिनियमाचे कलम १३ या भूमिकेला कायद्याचा आधार देते. दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता आहे, तिला साहाय्य करणाऱ्याने तिच्यावर गैरवाजवी प्रभाव टाकू नये, तिची स्वायत्तता, प्रतिष्ठा व खासगीपणा यांचा आदर राखावा, तसेच आर्थिक व्यवहारात हितसंबंधांचा संघर्ष निर्माण झाल्यास त्या व्यवहारापुरते साहाय्य करण्यापासून दूर राहावे, असे या कलमात अभिप्रेत आहे. अर्थसाहाय्याच्या अर्जाच्या संदर्भात याचा अर्थ असा की, पैसे ज्या खात्यात जमा होणार त्या खात्याची निवड, स्वाक्षरी आणि माहितीची अंतिम मान्यता ही अर्जदाराची असते. मदतनिसाचा मोबाईल क्रमांक अर्जदाराच्या नावापुढे लिहिणे सोयीचे वाटते, परंतु पुढील प्रत्येक सूचना मदतनिसाकडे जाऊ लागली की अर्जदार स्वतःच्याच अर्जाबाबत परका होतो.

एका बाबतीत मात्र अर्जाचा लेखनिक परीक्षेच्या लेखनिकाहून वेगळा आहे. परीक्षेत प्रश्न समजावून सांगण्याची मुभा त्याला नसते. येथे ते त्याचे पहिले कर्तव्य असते. रकान्यात काय विचारले आहे, ते का विचारले आहे आणि दिलेल्या उत्तराचा परिणाम काय होईल, हे सांगितल्याशिवाय घेतलेली संमती ही खरी संमती नव्हे.

या दृष्टीने मदतीचे टप्पे पुढीलप्रमाणे मांडता येतील.

१) ऐकणे : नमुना हाती घेण्यापूर्वी अर्जदाराची परिस्थिती त्याच्याच शब्दांत समजून घ्यावी. सोबत आलेल्या नातेवाइकाने उत्तरे देण्यास सुरुवात केली, तरी प्रश्न अर्जदारालाच विचारावा.

२) योजनेची निवड : वय, टक्केवारी, उत्पन्न व वास्तव्य या चार बाबी पाहून कोणत्या योजनेत अर्ज करावयाचा हे ठरवावे. पात्रता नसल्यास तसे स्पष्ट सांगावे. खोट्या आशेवर केलेला अर्ज अर्जदाराची मजुरी व प्रवासखर्च दोन्ही बुडवितो.

३) कागदपत्रांचा ताळमेळ : सर्व दाखले एका ओळीत मांडून नाव, जन्मतारीख व पत्ता जुळतो काय हे पाहावे. तफावत असल्यास आधी दुरुस्ती व नंतर अर्ज हा क्रम ठेवावा.

४) लेखन : दिव्यांगत्वाचे वर्णन करताना ‘चालता येत नाही’ असे सर्वसाधारण विधान न करता ‘कुबडीच्या आधाराने घरात वावरता येते, एक जिना चढण्यास दुसऱ्याची मदत लागते’ असे निश्चित विधान करावे. अर्जदारास काय येत नाही याबरोबर ते कोणत्या आधाराने येते हेही लिहिल्यास वर्णन विश्वसनीय होते.

५) वाचून दाखविणे : स्वाक्षरी किंवा अंगठा घेण्यापूर्वी संपूर्ण अर्ज अर्जदाराला समजेल अशा बोलीत वाचून दाखवावा. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या नमुन्यावर स्वाक्षरी घेऊ नये.

६) पोच व प्रत : अर्जाची संपूर्ण प्रत व पोचपावती अर्जदाराच्या हाती राहील याची खात्री करावी. मूळ कागदपत्रे मदतनिसाने स्वतःजवळ ठेवू नयेत.

७) पाठपुरावा : पुढील दिनांक, संबंधित शाखा आणि मुदत संपणाऱ्या दाखल्यांची यादी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावी.

दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार या टप्प्यांत फरक करावा लागतो. दृष्टिहीन अर्जदारास प्रत्येक रकाना क्रमाने वाचून दाखविणे आवश्यक असते. कर्णबधिर अर्जदाराशी सांकेतिक भाषेचा जाणकार असल्याशिवाय गुंतागुंतीची चर्चा होऊ शकत नाही. तो नसल्यास लेखी प्रश्नोत्तरांचा किंवा चित्रांचा आधार घ्यावा. मनोविकाराच्या बाबतीत कुटुंबीयांनी दोन आठवडे साधी टिपणवही ठेवावी. अर्जदाराने स्वतः आंघोळ व जेवण केले काय, कोणाशी बोलला काय, कामावर गेला काय, झोप लागली काय, याच्या नोंदी तपासणीच्या वेळी डॉक्टरांना उपयोगी पडतात. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी व बहुविकलांगता यांच्या बाबतीत सज्ञान व्यक्तीसाठी कायदेशीर पालकाची नियुक्ती आवश्यक वाटल्यास १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली जिल्हास्तरीय समितीकडे अर्ज करता येतो. ‘मूल अठरा वर्षांचे झाले तरी आईच सही करते’ हा व्यवहार घराच्या उंबरठ्याआत चालतो, बँकेत चालत नाही, हे पालकांना वेळीच सांगितले पाहिजे.

६. नकारानंतरची मदत

अर्ज नामंजूर झाला की मदत संपते, असे सामान्यतः घडते. वास्तविक मदतीची सर्वाधिक गरज याच टप्प्यावर असते. तपासणी मंडळाच्या निर्णयाने समाधान न झाल्यास कलम ५९ अन्वये राज्य शासनाने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. त्यासाठी नकाराची कारणे लेखी मिळविणे ही पहिली पायरी होय. तोंडी नकाराविरुद्ध अपील करणे कठीण असते.

उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला यांसारख्या अधिसूचित सेवा विहित कालमर्यादेत न मिळाल्यास महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करता येते. प्रलंबित अर्जाची स्थिती जाणून घेण्यासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चा उपयोग होतो. हक्कभंगाची तक्रार पुणे येथील राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करता येते. याखेरीज विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्ती मोफत विधी साहाय्यास पात्र असते; त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीकडे किंवा १५१०० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर त्यासाठी संपर्क साधता येतो. या तरतुदींची माहिती असलेला एक मदतनीस प्रत्येक तालुक्यात उपलब्ध असेल, तर अनेक अर्ज कपाटातून बाहेर येतील.

७. सचोटी आणि मर्यादा

मदत करण्याच्या भरात मदतनीस काही वेळा अर्जदाराच्या वतीने अतिशयोक्ती करतो. उत्पन्न कमी दाखवणे, वास्तव्याचा काळ वाढवणे किंवा तपासणीच्या वेळी काय सांगावे हे पढवून ठेवणे, हे सर्व सहानुभूतीपोटी केले तरी त्याची किंमत अर्जदाराला मोजावी लागते. दिव्यांगांसाठीचा लाभ कपटाने मिळविणाऱ्यास किंवा मिळविण्याचा प्रयत्न करणाऱ्यास अधिनियमाच्या कलम ९१ अन्वये दोन वर्षांपर्यंतचा कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंतचा दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय प्रत्येक बनावट प्रकरणानंतर पडताळणी अधिक कठोर होते आणि तिचा जाच खऱ्या अर्जदाराला सोसावा लागतो.

याउलट संकोचापोटी केलेली न्यूनोक्तीही तितकीच हानिकारक ठरते. ‘चालतंय कसंबसं’, ‘देवाच्या कृपेने बरं आहे’ ही मराठी माणसाची शिष्टाचाराची उत्तरे तपासणीच्या कागदावर जशीच्या तशी उतरली, तर त्यांचा अर्थ ‘अडचण नाही’ असा होतो. त्यामुळे अतिशयोक्ती व न्यूनोक्ती या दोहोंपासून वर्णन दूर ठेवणे हे मदतनिसाचे खरे कौशल्य होय. वैद्यकीय टक्केवारी ठरविणे, निर्णयाची हमी देणे किंवा मंजुरीच्या बदल्यात मोबदला घेणे हे त्याच्या कक्षेबाहेरचे आहे. अर्जदाराच्या आजाराची, उत्पन्नाची व आधारची माहिती ही विश्वासाने सोपविलेली ठेव असते. तिची छायाचित्रे मोबाईलमध्ये साठवून ठेवणे किंवा उपक्रमाच्या अहवालात छापणे हा त्या विश्वासाचा भंग होय.

८. महाविद्यालयांची भूमिका

ग्रामीण व निमशहरी भागातील महाविद्यालय हे पुष्कळदा त्या परिसरातील वाचन-लेखनाचे, संगणकाचे व इंटरनेटचे सर्वांत मोठे केंद्र असते. १९६९ पासून कार्यरत असलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक तेथे आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातील पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प व समाजसहभाग यांना श्रेयांक मिळतात. अर्जसाहाय्य हा त्यासाठी सुयोग्य विषय ठरतो, मात्र त्याची पूर्वतयारी आवश्यक आहे. एका दिवसाचे शिबिर घेऊन शंभर अर्ज भरून घेणे सोपे असते. त्या शंभर अर्जदारांना सहा महिन्यांनंतर कोण विचारणार, हा प्रश्न शिबिरापूर्वी सोडविला पाहिजे. आठवड्यातून एक निश्चित वार, एक निश्चित खोली, तळमजल्यावरील प्रवेश आणि जबाबदार प्राध्यापक अशी लहान परंतु अखंड चालणारी व्यवस्था मोठ्या शिबिरापेक्षा अधिक फलदायी होण्याचा संभव आहे.

विविध विभागांना यात स्वाभाविक वाटा आहे. राज्यशास्त्र व विधी शाखेचे विद्यार्थी अपीलाचे मसुदे तयार करू शकतील. मानसशास्त्राचे विद्यार्थी मुलाखतीची शिस्त शिकतील. संगणकशास्त्र विभाग ऑनलाइन अर्जातील अडथळ्यांची पद्धतशीर नोंद करू शकेल. मराठी विभागाचे काम तर अत्यंत महत्त्वाचे आहे. शासकीय नमुन्यातील ‘उपरोक्त’, ‘अनुज्ञेय’, ‘साक्षांकित’, ‘हयात’ अशा शब्दांचे सुबोध मराठीत, तसेच अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी यांसारख्या बोलींत स्पष्टीकरण तयार करणे हे भाषेच्या उपयोजनाचे उत्तम उदाहरण होईल. दिव्यांग विद्यार्थी स्वतः या केंद्राचे मार्गदर्शक असल्यास, प्रमाणपत्राच्या रांगेचा त्यांचा अनुभव इतरांच्या उपयोगी पडेल.

९. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, अर्थसाहाय्याचा अर्ज ही केवळ कारकुनी बाब नाही. राज्य आणि नागरिक यांची गाठ ज्या ठिकाणी पडते, ते ठिकाण म्हणजे अर्ज होय. कायद्याने दिलेला हक्क त्या ठिकाणी एखाद्या नावातील अक्षरामुळे, संपलेल्या मुदतीमुळे किंवा न विचारलेल्या प्रश्नामुळे हरवू शकतो. अर्जासाठी मदत मिळणे हा या हक्काचाच भाग मानला, तर ती मदत उपकाराच्या पातळीवरून व्यवस्थेच्या पातळीवर येईल.

त्याचबरोबर मदत करणाऱ्याने आपली जागा ओळखणे अगत्याचे आहे. अर्जदाराला पुढील वर्षी हयातीचा दाखला देण्यासाठी पुन्हा त्याच मदतनिसाची वाट पाहावी लागली, तर मदत अपुरी राहिली असे म्हणावे लागेल. आपल्या अर्जात काय लिहिले आहे, त्याची प्रत घरात कोठे ठेवली आहे आणि पुढच्या वेळी कोणत्या खिडकीवर जावयाचे, हे अर्जदाराला स्वतः सांगता येणे हीच मदत यशस्वी झाल्याची कसोटी होय.